बत्तीशीचे सहा रविवार

त्या रविवारी दुपारी जावयाने सासऱ्याचे दात पाडले, ही बातमी आमच्या गल्लीत तीनपर्यंत पोचली होती. सव्वातीनला ती कोपऱ्यावरच्या खाटकाकडे गेली, तेव्हा सासऱ्यानेही जावयाचे दात पाडल्याची तिच्यात भर पडली होती. साडेतीनला माझ्या दारात आली तेव्हा दोघांपैकी एकाचा जबडा निखळला होता, फक्त कुणाचा एवढंच ठरायचं राहिलं होतं.

बातमी हवेतली नव्हती, डोळ्यांनी पाहिलेली होती. पाहणारी म्हणजे समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली. ही बाई लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देते. मशीन तिने खिडकीला लावून ठेवलंय, उजेडासाठी म्हणते. तिला लागणारा उजेड नेमका समोरच्याच स्वयंपाकघरातून येतो, त्याला ती बिचारी काय करणार. तर तिने पाहिलं ते असं. स्वयंपाकघराचं दार आतून बंद. टेबलाच्या एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला जावई. दोघांच्या हनुवटीवरून लालसर काहीतरी ओघळलेलं. म्हातारा डोळे पुसतोय. जावई तोंडावर रुमाल धरून बसलाय, गाल आत गेलेले. आणि मध्ये टेबलावर दात. एक-दोन नाहीत. मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत, असं ती शपथेवर सांगत होती; आणि माप घेणारी बाई, मोजण्यात चुकत नाही.

आता ही माणसं कोण ते आधी सांगतो, म्हणजे मग त्यांच्या दातांकडे वळता येईल.

जावई म्हणजे आमचा बत्तीशी. नाव गल्लीने ठेवलं, त्याने फक्त ते पाटीवर लिहिलेलं नाही. गल्लीच्या टोकाला दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे, त्याच्या मागे तीन पायऱ्या उतरलं की एक खोली लागते, तोच याचा कारखाना, तिथे हा कवळ्या बनवतो. बाई काढतात, हा बसवतो. खोलीत प्लास्टरची पोती, गुलाबी मेणाचे पत्रे, गॅसची शेगडी आणि भिंतभर छोटे छोटे खण. प्रत्येक खणात दात, रंगाप्रमाणे आणि मापाप्रमाणे लावून ठेवलेले. गल्लीतली साठी ओलांडलेली निम्मी तोंडं त्याच्या हातची आहेत. म्हणजे गल्लीतली निम्मी भांडणंही त्याच्याच दातांनी झालेली आहेत, पण त्याचं श्रेय त्याला कुणी देत नाही.

माणूस अर्ध्या मिलिमीटरचा. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असेल तर त्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बोलतो कमी, हसतो जास्त, आणि हसायला त्याच्याजवळ भांडवलही तसंच. असे दात मी दुसऱ्या कुणाचे पाहिलेले नाहीत. एका ओळीत, दुधाळ रंगाचे, वरच्या एकाच दाताला किंचित तिरपेपणा, तोही असा की दृष्ट लागू नये म्हणून ठेवला असावा. घाबरलेला पेशंट आला की डॉक्टरीणबाई त्याला मागच्या खोलीत पाठवायच्या. काही करायचं नाही, नुसतं याचं हसणं बघून या म्हणायच्या.

सासऱ्याने हा जावई पसंत केला तोही दातांवरून. पहिल्या भेटीतून उठून घरी आला आणि बायकोला म्हणाला, मुलगा मुखदुर्बळ आहे, उंचीला बेताचा आहे, पण दात बघ, दात. हे वाक्य त्याने पुढे तेवीस वर्षं दर पाहुण्याला ऐकवलं. ऐकताना बत्तीशी हसायचा, मग पाहुणे दात बघायचे, आणि सासऱ्याचं म्हणणं सिद्ध व्हायचं.

या सासऱ्याला गल्ली कप्तान म्हणते. कप्तान तो कधीच नव्हता. मालवाहू जहाजावर अकरा वर्षं आचारी होता. पण आमच्यापैकी जहाज आतून पाहिलेला तो एकटाच, म्हणून बढती आम्ही दिली. जहाजावरचा मुख्य आचारी चिनी होता, याने त्याला उस्ताद म्हणायचं. उस्तादाची शिकवण्याची पद्धत अशी की काय बरोबर ते कधी सांगायचं नाही, चुकलं की पळीचा फटका बोटांवर. अकरा वर्षांत कप्तान बरेच फटके खाऊन एक पदार्थ पुरता शिकला: डुकराच्या पोटाचं मांस, चिनी पद्धतीने मंद आचेवर शिजवलेलं. कातडीसकट घ्यायचं, चरबी आणि मांस यांचे थर दिसतील असं. चौकोनी तुकडे करायचे, आल्याबरोबर एक उकळी देऊन फेस काढायचा, मग खडीसाखर तेलात विरघळवून तिचा तांबूस पाक झाला की तुकडे त्यात परतायचे. सोया सॉस, तांदळाची दारू, चक्रीफूल, पातीचा कांदा, गरम पाणी, आणि झाकण. पुढे आच आणि वेळ यांचं काम. शेवटी रस आटून तुकड्यांवर लाखेसारखा चढला पाहिजे. तुकडा ताटलीत थरथरायला हवा पण मोडायला नको, आणि ओठांनी दाबला की विरघळायला हवा. दात लावावा लागला तर फटका.

बायको गेल्यावर कप्तान लेकीकडे राहायला आला. तोवर त्याच्या तोंडात चार दात उरले होते आणि चारही जण एकमेकांशी बोलत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी ते काढले. मग बत्तीशीने सासऱ्यासाठी कवळी करायला घेतली. दीड महिना लावला. तीन वेळा मेणाचा साचा मोडून पुन्हा केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असलं काम मी प्रदर्शनातसुद्धा पाहिलं नाही.

कप्तानाने ती अर्धा दिवस घातली. मग काढून कपात ठेवली, कप फडताळावर ठेवला आणि जाहीर केलं की ही बोलताना खिडकीच्या सैल काचेसारखी वाजते, आणि खाताना जिभेवर ताटली पालथी घातल्यासारखं वाटतं. पुन्हा लावणार नाही म्हणजे नाही.

आठ महिने झाले. म्हातारा सूप आणि गिचगिचीत भातावर. तेही अर्धं टाकून उठायचा. आचारी माणूस तो, त्याला पोटापेक्षा तोंडाची भूक मोठी. पँट कमरेवर राहीना, तेव्हा बत्तीशीने पट्ट्याला कारखान्यातल्या ड्रिलने एक भोक पाडलं, अगदी गोल. पुढच्या महिन्यात दुसरं, पहिल्यापासून मोजून तेवढ्याच अंतरावर. तिसरं पाडायला पट्टा हातात घेतला आणि ड्रिल खाली ठेवून तो तसाच बसून राहिला, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. घरच्या डॉक्टरांनीही त्याच आठवड्यात बजावलं होतं की दोन महिन्यांत वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल.

आणि गल्ली काय म्हणत होती ते मी सांगायला नको. साऱ्या गावाला दात देणारा आणि घरात सासरा बोळका.

त्याच आठवड्यात एका रात्री जेवणाच्या वेळी मी तिथे होतो. जेवायला नाही, सहज डोकावलो होतो. कप्तानाने सुपाची वाटी बोटाने पुढे सरकवली आणि म्हणाला, मला ते मांस खायचंय. लेक म्हणाली, कवळी लावा, उद्या करते. म्हातारा म्हणाला, त्याला कवळी लागत नाही.

"मग असं करू," तो जावयाकडे वळला. "तुम्ही करा, जावईबापू. उस्ताद करायचा तसं झालं, की दुसऱ्या दिवसापासून तुमची ती खिडकी तोंडात लावीन. मरेपर्यंत. हा समोर बसलाय तो साक्षीदार."

साक्षीदार म्हणजे मी. सौदा उलटा होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. म्हातारा दात लावायला तयार होता, पण ज्याला दात लागत नाहीत तो पदार्थ जमला तर. जमलाच तर बत्तीशीने स्वतःच्या हाताने सिद्ध करायचं की कवळीवाचून चालतं. मी हे बोलून दाखवलं, तर त्याच्या बायकोने माझ्यापुढे चहा ठेवला, प्या आणि गप्प बसा अशा अर्थाने. बत्तीशीने फक्त विचारलं, "तुकडे किती मिलिमीटरचे?"

लेक इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला, रविवारी तिची पाळी साडेतीनपर्यंत. कारखाना रविवारी बंद. तेव्हा रविवार ठरला.

पहिल्या रविवारी बत्तीशीने खाटकाला सांगितलं, म्हाताऱ्या माणसासाठी हवंय, चरबी नसलेलं दे. खाटकाने त्याच्याकडे पाहिलं, मग मांसाकडे पाहिलं, आणि गिऱ्हाईक म्हणेल तसं दिलं. तुकडे मात्र असे की बघत राहावं: अडतीस मिलिमीटर, चहूबाजूंनी, कॅलिपर लावून. तीन तास शिजवले. कप्तानाने एक तोंडात घातला, डावीकडून उजवीकडे नेला, उजवीकडून डावीकडे आणला, आणि काढून ताटलीच्या कडेला ठेवला. म्हणाला, जहाजावर दोरखंड असतो त्याला इतकंच चांगलं माप असतं.

दुसऱ्या रविवारी मांस बरोबर आणलं, पण साखर जाळली. मेण किती अंशाला वितळतं ते हा माणूस झोपेत सांगेल. साखर मात्र तांबूस झाल्यावर कुणासाठी थांबत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. तो थर्मामीटर वाचत होता तेवढ्यात पातेलं काळं झालं. धूर जिन्यात आला. शिवणवालीने खिडकी लावून घेतली आणि दोनच मिनिटांत पुन्हा उघडली, कारण धुरापेक्षा न दिसण्याचा त्रास तिला जास्त होतो.

कप्तान खुर्चीवर बसून हे सगळं बघत असे. सांगायचा काही नाही. उस्तादाचीच रीत. पळी तेवढी हातात नव्हती, तिचं काम जिभेने चालायचं.

तिसऱ्या रविवारी पाक जमला. रंग आला, वास असा की खालचा रद्दीवाला जिन्यात उगाचच थांबून चपलेचा पट्टा बघत राहिला. आणि इथे बत्तीशीने ती चूक केली, जी जगात फक्त कवळीवालाच करू शकतो.

कारखान्यात एक यंत्र असतं. पितळी बिजागरी, तिला वर-खाली प्लास्टरचे जबडे बसवलेले. हाताने दाबलं की माणसासारखे चावतात. कवळी नीट मिटते की नाही ते त्याच्यावर बघतात. तिथे त्याला चावरा म्हणतात. बत्तीशीने हा चावरा घरी आणला. त्याच्यावर सासऱ्याच्या जबड्याचा साचा चढवला, फडताळावरच्या कपातली कवळी त्याला लावली, आणि दर दहा मिनिटांनी पातेल्यातून एक तुकडा काढून तिच्यात देऊ लागला. दात किती रुततात, कडेने दाब सारखा पडतो का, तुकडा मध्येच तुटतो की सुटतो. वहीत आकडे. शेजारी खुर्चीत म्हातारा जिवंत बसलेला, आणि त्याचा जबडा ओट्यावर त्याच्या आधी जेवतोय. कप्तान मला म्हणाला, मी मेल्यावर काय दिसेल ते मी त्या दिवशी बघून घेतलं.

पन्नासाव्या मिनिटाला चावऱ्याने तुकडा झकास तोडला. दातांना पकड येते, तरी झगडावं लागत नाही. कवळीवाल्याच्या दृष्टीने याहून सुंदर चावा नाही. बत्तीशीने गॅस बंद केला. स्वतः एक तुकडा चावून पाहिला आणि मान हलवली. कप्तानाने तोंडात घातला, दहा मिनिटं लिमलेटच्या गोळीसारखा चघळला, आणि निकाल दिला, "दगड."

बत्तीशीने वही पुढे केली. आकडे बरोबर होते. म्हातारा म्हणाला, मग वहीच खा.

चौथ्या रविवारी त्याने प्रेशर कुकर काढला. शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं, तर आत तुकडे नव्हतेच. कातडी एकीकडे, धागे एकीकडे, वर चरबीचं तळं. म्हाताऱ्याने चमचा बुडवून पाहिलं आणि म्हणाला, सूप तर मला आठ महिने मिळतंय, त्यासाठी डुकराला कशाला त्रास दिला. बत्तीशी सिंककडे तोंड करून पातेलं घासत राहिला. शिवणवाली म्हणते, बराच वेळ घासत होता.

पाचव्या रविवारी पुन्हा मंद आच, पुन्हा चावरा. या वेळी सत्तर मिनिटं. पुन्हा दातांनी पसंत केलं आणि हिरड्यांनी नाकारलं. लेकही त्या दिवशी सुट्टी काढून घरी होती. तिने बापाच्या मनगटाकडे पाहिलं, नवऱ्याच्या वहीकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या पितळेच्या बिजागरीला भूक लागलेली नाही. बाबांना लागलीय."

कप्तान त्यावर चिडला नाही, हेच वाईट होतं. नुसता थकल्यासारखा म्हणाला, "राहू दे पोरी. त्यांचा दोष नाही. ज्याच्या तोंडात बत्तीस पहारेकरी उभे आहेत, त्याला काय कळणार. जावईबापू, तुम्ही दातांना विचारता. मला दात नाहीत. माझ्या हिरड्यांना विचारायचं तर तुम्हाला माझ्या जागी यावं लागेल, आणि तुम्ही येणार नाही. देवाने तुम्हाला भरभरून दिलंय." आणि सवयीने पुढचं वाक्यही म्हणाला, दात बघा, दात. त्या वेळी बत्तीशी हसला नाही. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य हसण्यावाचून जाताना पाहिलं.

तो आठवडाभर गप्प होता. गप्प तो नेहमीच असतो, पण या वेळी गल्लीच्या लक्षात आलं. एका बाईंची कवळी त्याने अर्धा मिलिमीटर उंच करून दिली. त्या घरी जाऊन तोंड मिटू शकल्या नाहीत. त्यांच्या सुनेने येऊन तक्रार केली की आत्याबाईंना आता बोलणं थांबवताच येत नाही.

सहाव्या रविवारी बायको कामाला गेली. बत्तीशी खाटकाकडून मांस घेऊन आला, आणि चावरा जिन्याखालच्या पेटीत ठेवून आला. थर्मामीटर नाही, कॅलिपर नाही, वही नाही. तुकडे नजरेने केले. खडीसाखर विरघळेपर्यंत पातेल्यासमोरून हलला नाही, डोळ्यांनी रंग पाहिला, तांबूस होताच मांस टाकलं. सॉस, दारू, चक्रीफूल, आलं, कांद्याची पात, गरम पाणी. झाकण. आच इतकी बारीक की आहे की नाही ते वाकून बघावं लागावं. तास झाला. सत्तर मिनिटं झाली. दीड तास झाला. कप्तान खुर्चीत डुलक्या घेत होता.

दोन तास होत आले तेव्हा कप्तानाला जाग आली ती दाराची कडी लागल्याच्या आवाजाने. बत्तीशी दार लावून पातेल्याकडे परत आला. एक तुकडा वाटीत काढला, फुंकला. मग सासऱ्याकडे पाठ केली, मान खाली घातली, आणि तोंडाशी हात नेऊन काहीतरी केलं. तुकडा तोंडात घातला. बराच वेळ गेला. मान हलवली, नाही अशी. झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी मान हलवली नाही. झाकण बाजूला ठेवून रस आटू दिला, ताटलीत तुकडे वाढले, आणि ताटली घेऊन वळला.

पुढचं मला कप्तानाने माझ्या पायरीवर बसून मंगळवारी सांगितलं. म्हणाला, क्षणभर मी ओळखलंच नाही. खालचा अर्धा चेहराच नव्हता. गाल आत, ओठ आत, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. मला वाटलं आरशात बघतोय. ओट्यावर वाटीजवळ दोन ओळी दात पडलेले, तो वरचा किंचित तिरपा दात त्यांच्यात.

बोलणं झालं ते दोघांचंही बोळक्या तोंडाचं, शब्दापेक्षा हवाच जास्त. मी नीट करून लिहितो.

"किती वर्षं?" कप्तानाने विचारलं.

"सत्ताविसाव्या वर्षी हिरड्या सडल्या. सगळे काढावे लागले. ही पहिली कवळी मी शिकताना केलेली. पुढे चार वेळा बदलली."

"म्हणजे लग्नाच्या आधी."

"तीन महिने आधी."

"मला फसवलंस तू."

"हो."

"बावीस वर्षं."

"तेवीस."

तेवीस वर्षं जावयाला अहो-जाहो केलेल्या माणसाच्या तोंडून 'तू' निघाल्याचं त्या दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मग कप्तान म्हणाला, "निवेल ते. वाढ."

तुकडा ताटलीत थरथरत होता. कप्तानाने तो ओठांत धरला आणि दाबला.

त्यावर तो काय म्हणाला हे मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाला, काही नाही, वाफ गेली डोळ्यात. शिवणवालीने पाहिलेलं डोळे पुसणं ते हेच. तिने पाहिलेलं लाल म्हणजे हनुवटीवर ओघळलेला रस. दात नसले की ओठांची पाळ फुटते आणि रस खाली येतो, हे दोघांपैकी एकाला आठ महिन्यांपासून माहीत होतं आणि दुसऱ्याला तेवीस वर्षांपासून. म्हणून दुसऱ्याने रुमाल आधीच काढून ठेवला होता.

पाच तुकडे खाऊन झाल्यावर कप्तान उठला. ओट्यावरची जावयाची कवळी त्याने टेबलावर आणून ठेवली. मग फडताळावरचा कप घेतला, त्यातली आपली काढली आणि तिच्या शेजारी ठेवली. दोन्हींकडे वाकून वाकून पाहिलं.

"तुझी वाजते?"

"पहिले सहा महिने वाजायची. जीभ शिकते मग."

"आणि चव?"

"येते परत. वर्ष लागतं. आधी आंबट येतं, गोड सगळ्यात शेवटी."

"हे मला आठ महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंस?"

बत्तीशीने रुमालाची घडी घातली. "तुम्ही मुलगी दातांवर दिली होती."

कप्तान म्हणतो, यावर त्याने सहावा तुकडा घेतला.

चारला लेक बसमधून उतरली. थांब्यावरच खाटकाने गाठून तिला सांगितलं, ताई, धीर धरा, तुमच्या नवऱ्याने तुमच्या वडिलांचे दात पाडले. ती म्हणाली, "कुठले? त्यांना एकही नाही." तरी पळत घरी गेली. दार उघडं होतं. एक जण पातेलं घासत होता, दुसरा पुसत होता. दोघांच्याही तोंडात दात जागच्या जागी. बापाने मान वर करून तिला हसून दाखवलं, आणि खिडकीच्या काचेसारखा बारीक आवाज झाला.

नवऱ्याने त्या रात्री तिलाही सांगायचं ठरवलं. घसा खाकरला, पाणी प्यायला, तिला समोर बसवलं. सांगितलं. ती म्हणाली, मला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून माहीत आहे. न्हाणीघरात आरशामागच्या पेल्यातलं पाणी रोज कोण बदलतं असं तुम्हाला वाटत होतं? तो म्हणाला, मला वाटायचं मीच बदललं असेल. अर्ध्या मिलिमीटरचा माणूस, आणि तेवीस वर्षं पाण्याच्या पेल्याकडे लक्ष नाही.

कप्तानाने शब्द पाळला. सोमवारी सकाळी कवळी लावून खाली उतरला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजत गेला. त्याने गल्लीचं समाधान झालं नाहीच. उलट शिवणवाली म्हणाली, बघा, भरपाई म्हणून रातोरात नवे करून दिले. पट्ट्याच्या दुसऱ्या भोकावरून तो आता पहिल्यावर आलाय. महिन्यातून एकदा दोघं दार लावून ते मांस करतात, आणि लेकीलाही तेव्हा आत घेत नाहीत. तिला तोंडात स्वतःचे दात असल्यामुळे प्रवेश नाही. आणि डॉक्टरीणबाई घाबरलेला पेशंट अजूनही मागच्या खोलीत पाठवतात. बत्तीशी त्याला आधी हसून दाखवतो, मग कवळी काढून दाखवतो. काही पेशंट पुन्हा येतात.

मारामारी झाली नव्हती. टेबलावर दोन कवळ्या होत्या, एक जावयाची आणि एक सासऱ्याची. मांस मऊ शिजलं होतं, त्याला दात लागत नव्हते, म्हणून त्या बाहेर होत्या.